एकास सात

घोडी जिंकली. तिच्यावर लावलेले माझे चाळीस डॉलर परत आले आणि वर शंभराहून जास्त मिळाले. ही हकिकत मी ज्याला सांगितली त्याने एकच विचारलं, "मग तक्रार कसली?" नवऱ्याने विचारलं, लॅबमधल्या मैत्रिणीने विचारलं. शहाद्याहून फोनवर आईने तर "अगं, मुळात घोड्यांवर पैसे लावतेसच कशाला?" इथूनच सुरुवात केली. तक्रार आहे, आणि वर्ष होत आलं तरी ती डोक्यातून जात नाही.

हार्नेस रेसिंग आपल्याकडे फारसं माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. या शर्यतीत घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. मागे दोन चाकांची हलकी सल्की जोडलेली असते आणि तिच्यात ड्रायव्हर बसतो. घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. अंतर बहुधा एक मैल. चौखूर पळायला सक्त मनाई. ट्रॉटर दुडक्या चालीने धावतात. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतात. सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी रेवाल चालीचे घोडे पाहिले असतील त्यांना ही चाल लगेच ओळखीची वाटेल. चाल मोडून घोडा उधळला, तर ड्रायव्हरने त्याला आवरून, मागे घेऊन पुन्हा चालीवर आणायचं, तोवर बाकीचे पुढे निघून जातात. सुरुवातही उभ्याने होत नाही. एका मोटारीला दोन्ही बाजूंना पंखांसारखं फाटक लावलेलं असतं, त्यामागे घोडे चालत येतात, मोटार वेग घेते, रेषेवर पंख मिटते आणि बाजूला होते. हे फिरतं फाटक १९४६ मध्ये लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर आलं आणि या शर्यतींचं नशीबच पालटलं.

मला हा नाद लागला फ्रीहोल्डला. न्यू जर्सीतला तो अर्ध्या मैलाचा ट्रॅक एकोणिसाव्या शतकापासून चालू होता. शर्यती दुपारच्या असत, आणि आमच्या घरापासून तो जवळ. पहिल्यांदा गेले ती घोडे पाहायला. शेजारच्या बाकावर एक निवृत्त टपालवाले बसायचे, त्यांनी प्रोग्रॅम वाचायला शिकवलं. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत आयुष्य गेलेल्या बाईच्या हातात आकड्यांनी भरलेला तो कागद आला, मग काय! प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यतींची एकेक ओळ. पाव मैलाला कितवा होता, अर्ध्याला कितवा, पाऊण मैलाला किती मागे, शेवटचा पाव किती सेकंदांत, त्या दिवशी ट्रॅक कोरडा होता की चिखलाचा, ड्रायव्हर कोण, भाव किती. वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शात लिहितात. १:५४.२ म्हणजे एक मिनिट चौपन्न सेकंद आणि दोन पंचमांश. दशांश समजून वाचलंत तर सगळा हिशोब चुकेल. पाचवा हिस्सा म्हणजे साधारण एक घोडालांबी, हेही पाठ करून ठेवा.

नवख्यांना माझं सांगणं असतं की नुसती शेवटची वेळ पाहून घोडा निवडू नका. ओळीत स्थानाच्या आकड्याशेजारी एक बारीक वर्तुळ असतं, आधी ते शोधा. ते वर्तुळ म्हणजे घोडा त्या टप्प्यावर बाहेरच्या रांगेतून धावत होता. वळणावर बाहेरून धावणं म्हणजे जास्त अंतर कापणं. दोन घोड्यांच्या रांगांत दोन मीटरचं अंतर धरलं तर प्रत्येक वळणाला सहा मीटरांहून अधिक जादा पडतात, आणि अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर मैलभरात वळणं चार. शिवाय पुढे आडोसा नसेल तर वारा सगळा छातीवर. असा घोडा सहावा आला असेल तर तो हरला असं म्हणणारे लोक मला आवडतात, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचे पैसे भलत्याच घोड्यावर असतात. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेची. न्यू जर्सीतल्याच मेडोलँड्सचा ट्रॅक पुऱ्या मैलाचा आहे, शेवटची सरळ धाव लांब आहे, तिथे बाहेरची जागा तितकी मारक नाही. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर सात किंवा आठ नंबर मिळाला की चांगला घोडासुद्धा अर्धा मेला. तिसरं, वारंवार चाल मोडणाऱ्या ट्रॉटरवर घरखर्चातला एक डॉलरही लावू नका.

तर ती घोडी. ट्रॅकचं नाव सांगत नाही. ईशान्येकडचा एक छोटा, अर्ध्या मैलाचा ट्रॅक, आठवड्यातल्या कामाच्या दिवसाची शर्यत, आठ पेसर घोड्या. मी ती मेडोलँड्सच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहत होते. फ्रीहोल्ड २८ डिसेंबर २०२४ ला कायमचं बंद झालं, त्यानंतर तिथेच जावं लागतं. आदल्या शर्यतीत ही घोडी आठ नंबरवरून सुटली होती. तीन वळणं तिच्या स्थानाशेजारी ते बारीक वर्तुळ होतं आणि ती पाच लांब्यांनी मागे, सहावी आली होती. तीन वळणांचे अठरा-एकोणीस मीटर म्हणजे सात लांब्यांहून जास्त. कागदावर सहावी, हिशोबात पहिली! आता तिला दोन नंबरची जागा मिळाली होती, दर्जा एक पायरी खाली, आणि सल्कीत त्या ट्रॅकवरचा अव्वल ड्रायव्हर. छापील अंदाज एकास आठ, म्हणजे जिंकली तर एका डॉलरवर आठ डॉलर नफा. रात्री स्वयंपाकघरात बसून मी बाकीच्या सातही जणींच्या ओळी लावून पाहिल्या आणि हिच्या जिंकण्याची शक्यता चारात एक ठरवली. म्हणजे रास्त भाव एकास तीन. वही बंद करताना खाली लिहिलं, एकास पाचच्या खाली हात लावायचा नाही.

बाहेरच्या माणसाला हे समजत नाही, आणि माझ्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. ओळी वाचून घोडे जोखायचं हे काम, ज्याला हँडिकॅपिंग म्हणतात, म्हणजे नुसतं कोण जिंकणार हे ओळखणं नव्हे. चारात तीनदा ही घोडी हरणार हे मी मान्य करूनच पैसे लावत होते. मी घोडी विकत घेत नव्हते, भाव विकत घेत होते. एकास पाच किंवा अधिक भाव मिळाला तर तीन हरण्यांचं नुकसान एका जिंकण्यात भरून निघतं आणि वर काही उरतं. भावच गेला तर अख्ख्या रात्रीचा अभ्यास वाया.

घोडे फाटकामागे आले तेव्हा फलकावर एकास सात होता. मी खिडकीवर चाळीस लावले. मोटार वेगात आली, पंख मिटले, खिडक्या बंद झाल्या. एक नंबरची फेव्हरिट आघाडीला गेली, माझी घोडी तिच्या सल्कीमागे आडोशाला बसली, अगदी मनासारखं. पाव मैलाच्या खांबापाशी पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे हलले. एकास सातचे एकास साडेचार झाले. अर्ध्या मैलाला पुन्हा हलले. एकास अडीच. खिडक्या बंद होऊन जवळजवळ मिनिट झालेलं, घोडे दुसऱ्या वळणाच्या पार, आणि माझ्या हातातल्या तिकिटाची किंमत माझ्या डोळ्यांदेखत निम्म्याहून कमी झाली होती. शेवटच्या सरळीत ड्रायव्हरने तिला बाहेर काढलं आणि तिने फेव्हरिटला मानेने मागे टाकलं. आजूबाजूचे चार जण ओरडले. दोन डॉलरला सात डॉलर वीस सेंट. चाळीसचे एकशे चव्वेचाळीस. फलकावरच्या भावाने तीनशे वीस व्हायला हवे होते.

कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. शर्यत सुरू झाल्यावर कुणी पैसे लावले असंही नाही. टोटची, म्हणजे सामायिक पूलमधल्या बेटिंगची, रीतच अशी आहे. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, ट्रॅक आपला वाटा आधी कापून घेतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. पैसे शेकडो ठिकाणांहून येतात, शेवटच्या क्षणी आलेले मोजून एकत्र करायला वेळ लागतो, म्हणून घोडे धावत असताना भाव बदलतो. आणि छोट्या ट्रॅकचा पूल केवढा? समजा सहा हजार डॉलर, कपात सतरा टक्के. अशा पूलमध्ये एकास सातची घोडी एकास अडीचवर आणायला हजार डॉलर पुरे होतात. एकच माणूस, एकच क्षण. आणि तो माणूसही नसतो. कॉम्प्युटरने खेळणारे मोठे गट असतात, त्यांचा प्रोग्रॅम सगळ्या पूलचे आकडे थेट वाचतो, भाव जास्त दिसला की शेवटच्या काही सेकंदांत पैसे ओततो. एवढी उलाढाल करतात म्हणून त्यांना कपातीतला काही भाग परत मिळतो. म्हणजे मी पूर्ण कपात भरते, तो सवलतीत खेळतो, आणि माझा भाव खाऊन जातो. एकाच खिडकीवर दोन गिऱ्हाइकांना दोन दर.

मी ट्रॅकला लिहिलं. उत्तर सभ्य होतं. पूल सगळ्यांसाठी एकाच वेळी बंद होतो, अंतिम भाव अधिकृत निकालानंतरच ठरतो, खेळल्याबद्दल आभार. प्रत्येक वाक्य खरं होतं, त्यामुळे राग आणखी वाढला. पुन्हा लिहिलं की मग फाटक सुटण्याआधी फलकावर आकडे दाखवता कशाला? त्याला उत्तर आलं नाही.

या खेळात याहून वाईट गोष्टी आहेत हे मला ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी घोड्यांना उत्तेजकं दिल्याबद्दल दोन डझनांहून अधिक ट्रेनर, पशुवैद्य वगैरेंवर आरोप ठेवले, त्यांत हार्नेसमधले कितीतरी होते. मुक्या जनावराच्या नसांत काय काय भरलं ते वाचताना पोटात ढवळलं होतं. ते पाप मोठं, यात वाद नाही. पण ते पाप करणाऱ्यांना लपून करावं लागलं. माझा भाव उजेडात, नियमाप्रमाणे गेला.

नंतर महिनाभर मी याच विचारात होते, आणि एक गोष्ट मला छळू लागली. त्या यंत्राने जे पाहिलं तेच मी पाहिलं होतं. ते वर्तुळ, ती तीन वळणं, तो बदललेला ड्रायव्हर. म्हणजे माझं वाचन बरोबर होतं, याचा पुरावा त्या कोसळलेल्या भावातच होता. याचा मला अभिमान वाटला, अजून वाटतो. आणि दुसरीही बाजू आहे. फ्रीहोल्डला घोड्याच्या नावावरून, नातवाच्या वाढदिवसाच्या तारखेवरून दोन-दोन डॉलर लावणारी म्हातारी मंडळी होती. माझे फायदे त्यांच्याच पैशांतून येत होते. त्या वेळी मी त्याला अभ्यासाचं फळ म्हणत होते. यंत्र माझ्यापेक्षा जास्त अभ्यास करून आलं आणि मी त्याला अन्याय म्हणते. हे मला पटत नाही, तरी अन्याय हाच शब्द तोंडात येतो. कारण त्या म्हाताऱ्यांना आणि मला एकच फलक दिसत होता, एकच कपात लागत होती.

त्या टपालवाल्यांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "किड, म्हणून तर मी आता लावत नाही, नुसता पाहतो." चाळीस वर्षं खेळलेला माणूस. छोट्या ट्रॅकवरची अशी गिऱ्हाइकं गेली की पूल आणखी आटतो, पूल आटला की भाव आणखी सहज कोसळतो, आणि मग उरलेलेही जातात. ट्रॅक का बंद पडतात याची कारणं पुष्कळ सांगितली जातात, कॅसिनो, जमिनीचे भाव, तरुणांची अनास्था. त्यांत हेही धरा.

उपाय नाहीत असं नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉकीच्या शर्यती चालवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये कॉम्प्युटर गटांना जिंकण्याच्या पूलमधून शर्यतीच्या दोन मिनिटं आधीच बाहेर काढायला सुरुवात केली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टोटशेजारी परवानाधारक बुकी उभे असतात. बुकीकडे ज्या भावाने लावलं तो भाव तुमचा, नंतर बाजार कितीही हलला तरी. न्यू जर्सीने तशा ठरलेल्या भावाच्या बेटिंगला २०२१ मध्ये कायद्याने मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी मॉनमथ पार्कवर ते सुरूही झालं. पण तिथे धावतात जॉकीचे थरोब्रेड, सल्कीचे घोडे नव्हेत.

न्यू जर्सीत मराठी माणसं हजारोंनी आहेत, आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका शनिवारी मेडोलँड्सला हॅम्बल्टोनियन असते, तीन वर्षांच्या ट्रॉटरांची देशातली सर्वांत मानाची शर्यत. मुलांना घेऊन जा, कुंपणापाशी उभे राहा, दुडक्या चालीतला तो वेग जवळून पाहा. पैसे लावायचे तर दोन डॉलर लावा. फाटक सुटल्यावर मात्र अर्धा मिनिट घोड्यांवरून नजर काढून फलकाकडे बघा, आणि भाव हलला तर घरी येऊन राज्याच्या रेसिंग कमिशनला दोन ओळी लिहा. मी लिहिलं आहे. एकट्या बाईच्या पत्राने काही होत नाही.