हरवलेली तलवार

गेल्या नाताळच्या सुटींत आमचा महाविद्यालयांत शिकणारा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. सायंकाळीं तो संगणकावर एक खेळ खेळत बसे. हा निव्वळ कालापव्यय, असें म्हणून आम्हीं प्रथम नाक मुरडलें. पण एके दिवशीं त्याच्या शेजारीं बसून पाहूं लागलों, आणि जें पाहिलें त्यानें आम्हांस मान खालीं घालावयास लावलें.

खेळाचें नांव 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'. कॅनडांतील बायोवेअर या संस्थेनें तो २००९ सालीं तयार केला. त्यांत रक्तपात पुष्कळ असल्यामुळें तो लहान मुलांच्या हातीं देण्याजोगा नव्हे. खेळणारा एका वीराची भूमिका घेतो व वाटेंत भेटलेल्या सोबत्यांसह प्रवास करतो. प्रत्येक सोबत्याचें मन त्यास कितपत अनुकूल आहे, याचा आंकडा खेळ ठेवीत असतो.

या सोबत्यांत स्टेन नांवाचा एक धिप्पाड कुनारी सैनिक आहे. तो प्रथम दिसतो तो लोदरिंग गांवीं पिंजऱ्यांत कोंडलेला. एका शेतकऱ्याच्या सबंध कुटुंबाचा त्यानें वध केलेला असतो. अपराध तो नाकारीत नाहीं; कारणही सांगत नाहीं. सोडवून बरोबर घेतलें तरी प्रश्नास तुटक उत्तर, नाहीं तर उलट प्रश्न! त्यास चित्रें आवडतात. तीं भेट दिलीं म्हणजे त्याचें मन थोडें वळतें. पण भेटींमागून भेटी देत गेलें, तर त्यांचें मोल उत्तरोत्तर घटतच जातें.

सहवास वाढला, धीरानें विचारपूस होत राहिली, म्हणजे तो उलगडूं लागतो. ही विचारपूस बहुधा तळावर, शेकोटीच्या उजेडांत, दोघांतच होते. मग कळतें कीं, लढाईंत त्याचे सर्व सोबती पडले व तो घायाळ झाला. शेतकऱ्यांनीं त्यास घरीं आणून त्याची शुश्रूषा केली. शुद्धीवर येऊन पाहतो तों तलवार नाहीं! त्याच्या लोकांत सैनिकाची तलवार म्हणजे त्याचा आत्मा. तिच्यावांचून स्वदेशीं परतलें तर स्वकीयच प्राण घेतील. त्या भीतीच्या भरांत त्यानें उपकारकर्त्यांवरच हात टाकला.

आतां खेळणाऱ्यानें तलवार शोधावयास निघावें. सरोवराकाठीं भेटलेला एक इसम दुसऱ्याचें नांव सांगतो, दुसरा तिसऱ्याचें. शेवटीं रेडक्लिफ गांवांत ती हातीं लागते. ती परत मिळाली तेव्हां कोठें त्या अबोल पुरुषाचा खरा विश्वास बसतो.

भाच्यास हर्ष झाला. आम्ही मात्र गप्प झालों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक अबोल मुलगा होता. तो वही आणीत नसे. आम्हीं सर्वांसमक्ष त्यास कारण विचारलें. एकदां, दोनदां, तिसऱ्यांदा आवाज चढवून. तो जमिनीकडे पाहत उभा राहिला. आम्हीं त्यास उद्धट ठरवून शिक्षा केली. वार्षिक परीक्षेनंतर तो शाळा सोडून गेला. त्याचें काय हरवलें होतें, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्हीं वर्गांत कितीदां सांगितला असेल; पण त्याच्या घराची वाट आम्हीं एकदांही विचारली नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मूल बोलेनासें झालें तर त्यास चारचौघांत दटावूं नये. खाऊ देऊन त्याचें मन विकत घेऊं पाहूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाकावरील अबोल सोबत्यास घुमा म्हणून हिणवूं नका. त्याच्या शेजारीं बसा. वेळ पडल्यास त्याच्याबरोबर चार पावलें चाला.

त्या खेळांत एक सोय आहे. आपलें बोलणें चुकलें, तर पूर्वीं राखून ठेवलेल्या टप्प्यावर परत जाऊन तें बदलतां येतें. वर्गांत आम्हांस ती सोय नाहीं.