उभ्या घराचं गिऱ्हाईक

यवतमाळ जिल्ह्यात जुना वाडा विकायला निघाला, की दारात पहिला उभा राहतो तो लाकडाचा व्यापारी. तो भिंतींकडे बघत नाही, देवघरात डोकावत नाही. ढेलजेतून आत शिरतो, ओसरीच्या खांबावर बोटांची पेरं आपटून आवाज ऐकतो, मान वर करून तुळया, कड्या, पाट मोजतो आणि आकडा सांगतो. जागेचा भाव वेगळा, सागाचा वेगळा. घराचा भाव मात्र कुणीच काढत नाही. सौदा ठरला की खांब ट्रॅक्टरवर चढतात आणि मागे उरलेल्या मातीच्या भिंती मृगाच्या पावसात बसतात. तसेच खांब मग मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात ओळीनं उभे दिसतात, नाहीतर एखाद्या रिसॉर्टच्या दारात. पाहिलं की जीव तुटतो.

हा साग इथल्याच मातीतला. घाटंजी, पांढरकवडा, झरी-जामणीच्या बाजूची जंगलं त्याचीच. आणि घर बांधायला पैसा दिला कापसानं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. विसाव्या शतकाच्या आरंभी शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला धावू लागली. काळीत पिकलेला पैसा पांढरीत आला आणि दारव्हा, दिग्रस, वणीकडे सावकार-देशमुखांचे चौसोपी वाडे उठले. आता गाडीही बंद आहे आणि अनेक वाड्यांना कुलूप आहे.

अशा वाड्याचं दार एकदा अगदी जवळ जाऊन पाहा. चौकटीवर गणेशपट्टी, तिच्यावर पिढ्यानपिढ्यांचं तेल आणि कुंकू मुरलेलं, त्यामुळे लाकूड काळंभोर. उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला. भिंतीच्या पोटात सरकवून ठेवलेला अडसर धूळ झाडली की आजही एका हातानं बाहेर येतो. भिंत दोन-अडीच हात रुंद, तिच्यात कोनाडे, कोनाड्यांवर दिव्याची काजळी. आता खांबाच्या तळाशी पाहा. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि सगळ्यांवर माडीचं ओझं. आतल्या सोप्यांचा सगळा भार हा सांगाडाच पेलतो. खांबांमधल्या भिंतीला आडोशापलीकडे फारसं काम नाही. म्हणून अशी भिंत ढासळली तरी घर पडत नाही. ती नव्यानं घालता येते. ज्या सांगाड्यापायी व्यापारी घर पाडतो, त्याच सांगाड्यामुळे ते घर पुन्हा नांदतं करता येतं. घेणाऱ्यानं हे ध्यानात धरलं, की निम्मी भीती जाते.

उरलेली भीती पाण्याची. मातीच्या घराला वरचं पाणी आणि खालची ओल एवढे दोनच खरे वैरी. त्यामुळे रंगरंगोटी राहू द्या, आधी छपरावर माणूस चढवा. फुटके कवेलू फेरायचे, पन्हाळी मोकळ्या करायच्या, भिंतीच्या बुडाला साचणाऱ्या पाण्याला उतार काढून द्यायचा. मग भिंत. गावातली पांढरी माती भिजवायची, तिच्यात गव्हांडा आणि शेण घालून कुजू द्यायची, पायांनी मळायची, आणि तोच गिलावा थर देत चढवायचा. हौसेनं घर घेतलेली माणसं इथंच सिमेंटचं पोतं उघडतात आणि घात होतो. सिमेंटच्या लेपाखाली मातीची ओल कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि एक दिवस लेपासकट मोठा पोपडा अंगणात येतो. मातीला मातीच लावावी, फार तर चुना. वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामच्या कुट्या १९३६ पासून मातीच्या भिंतींवर उभ्या आहेत, कारण त्यांना वेळच्या वेळी लिंपणारे हात आहेत.

कागदपत्रांचं काम याहून चिवट. वाडा आजोबांच्या नावावर, आजोबांची मुलं चार गावांत, नातवंडं पुण्या-नागपुरात. २००५ च्या कायद्यानंतर लेकींचा वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क पक्का झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत मात्र दोन पावसाळे सहज जातात आणि तेवढ्यात माडी गळू लागते. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याखेरीज आधार नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन गावोगावी मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हे जुन्या घरांसाठी मोठं काम झालं. आता निदान हद्द तरी दाखवता येते.

ओस घरांचं दुखणं जगभर आहे. जपानमध्ये २०२३ च्या गणनेत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. इटलीत सिसिलीतल्या मुस्सोमेलीसारख्या गावांनी पडकी घरं एक युरोला विकायला काढली, अट एवढीच की घेणाऱ्यानं ठरल्या मुदतीत ती दुरुस्त करावी. म्हणजे तिथं उभं घर घेणारा माणूस गावच शोधतं. आपल्याकडे ग्रामसभेला हे अवघड नाही. विकाऊ वाड्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लागली, तरी गावातला शिक्षक, निवृत्त होऊन परतणारा नोकरदार, वाचनालयाला जागा शोधणारं मंडळ यांना कळेल तरी.

आणि ज्यांचा अशा एखाद्या वाड्यात हिस्सा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वाटणीची बोलणी निघाली, की लाकडाचा आकडा घेण्याआधी नात्यात आणि गावात एकदा सांगा, की घर उभंच विकायचं आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दरसाल मृगाआधी कवेलू तेवढे फेरून घ्या. त्याचा खर्च सगळ्या हिस्सेदारांत वाटला तर कुणालाच जड नाही.