शाविगेच्या गावात व्हिएतनामी वाडगा

बंगळुरूच्या पश्चिमेला असलेले राजाजीनगर हे एकेकाळी कामगार आणि कारकुनांचे उपनगर होते. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी, यांचे नाव त्याला मिळाले. वस्ती वाढली ती कारखान्यांच्या सोबतीने. सकाळी भोंगा, दुपारी डबा, संध्याकाळी भाजी घेऊन घरी, असा इथला दिनक्रम. बाहेर खायचे म्हणजे इडली-वडा, मसाला डोसा आणि वर पितळी पेल्यातली कॉफी. नवरंग चित्रपटगृहाच्या आसपास आजही सकाळी चक्कर मारली, तर उभ्याने खाण्याच्या लहान हॉटेलांपुढे, ज्यांना इथे 'दर्शिनी' म्हणतात, हीच गर्दी दिसते.

या उपनगराच्या कडेला एक मराठी नाव फार वर्षे झळकत होते. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी सुरू केली. विजेच्या मोटारी बनवणाऱ्या त्या कंपनीच्या जुन्या जागेवर आज 'ब्रिगेड गेटवे' नावाचे नगरच उभे आहे. उंच इमारती, कार्यालये, पंचतारांकित हॉटेल, मध्ये तलाव आणि तलावाकाठी २०१२ मध्ये उघडलेला ओरायन मॉल. २०१४ च्या मार्चमध्ये या बाजूला मेट्रो आली. 'सँडल सोप फॅक्टरी' नावाच्या स्टेशनावर उतरून इथे येता येते. जिथे यंत्रे घरघरत, तिथे आता सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे कुटुंब जेवायला येते.

जेवायला म्हणजे काय, हे मात्र बदलले आहे. नूडल्स म्हटले की चायनीज, हे समीकरण जुने झाले. बंगळुरूत पूर्वेकडच्या देशांचे पदार्थ देणाऱ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर आता 'फो' हे व्हिएतनामी नूडल्सचे सूप आणि तांदळाच्या पारदर्शक पारीत गुंडाळलेले रोल दिसतात. नातवंडांना त्याचे कोण कौतुक! आणि आजीच्या मनात शंका: हे आपल्याला चालेल का? त्यात काय घातले असेल?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते.

वास ओळखीचाच

'फो'चा खरा उच्चार 'फऽ'च्या जवळचा, आणि तोही प्रश्न विचारल्यासारखा सूर लावून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांचे राज्य असताना, उत्तर व्हिएतनाममध्ये हनोई आणि नाम दिन्ह या भागात हा पदार्थ रूढ झाला. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांच्याबरोबर फोही आला. दक्षिणेच्या लोकांनी त्यावर मोड आलेले मूग, तुळशीसारखी पाने, लिंबू आणि मिरची घालायला सुरुवात केली. १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर निर्वासितांची कुटुंबे अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि त्यांच्या खाणावळींतून हा वाडगा जगभर गेला. मायदेशी मात्र फो हा आजही मुख्यतः सकाळचा पदार्थ आहे. आपल्याकडे मिसळ किंवा इडली खाऊन कामाला जावे, तसे तिथे लोक फो खाऊन कामाला जातात.

त्याचा जीव असतो रश्श्यात. गायी-बैलांची हाडे मंद आचेवर तासन् तास शिजवून तो काढतात. कोंबडीचा फोही तिथे तितकाच मान्य आहे. कांदा आणि आले थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून त्यात घालतात. मग पडते दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची आणि बादयान, म्हणजेच चक्रीफूल. ही यादी वाचून कोल्हापूरची किंवा मालवणची गृहिणी हसेल. वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजणे तिला काय शिकवायचे? फरक इतकाच, की आपण हे सारे वाटून रश्श्यात मुरवतो आणि व्हिएतनामी बाई ते उकळून, गाळून टाकते. हाती राहतो तो निव्वळ पाण्यासारखा नितळ, पण सुगंधी रस्सा. मटणाच्या अळणी रश्श्याशी त्याचे नाते जवळचे.

शाविगेची बहीण

वाडग्यातल्या शेवया तांदळाच्या. इथे तर राजाजीनगरच्या घरांना नवे काहीच नाही. कर्नाटकात 'ओत्तु शाविगे' पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. भिजवलेला तांदूळ वाटायचा, शिजवून त्याचे गोळे करायचे आणि गरम असतानाच तीन पायांच्या साच्यातून दाबून शेवया पाडायच्या. एकाने साचा धरायचा आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा. हे एकट्याचे काम नव्हे. मग अर्ध्या शाविगेला मोहरी-मिरची-लिंबाची फोडणी आणि अर्धी नारळाच्या गोड दुधाबरोबर. सिंधुदुर्गातले वाचक लगेच म्हणतील, ही तर आमची शिरवाळी आणि रस! अगदी बरोबर. व्हिएतनाममध्ये 'बुन' नावाच्या गोल शेवया याच कुळातल्या. तांदळाचे ओले पीठ भोकांच्या साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात आणि नंतर गार पाण्यात धुतात.

फोच्या शेवया तेवढ्या वेगळ्या, चपट्या. भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधतात, खाली पाणी उकळते, वर तांदळाचे सरसरीत पीठ पातळ पसरतात. वाफेवर क्षणात मऊ पत्रा तयार होतो. त्याच्या पट्ट्या कापल्या की फोच्या शेवया झाल्या. तोच पत्रा आणखी पातळ करून बांबूच्या चटईवर उन्हात वाळवला, की रोलची पारी झाली. उन्हाळ्यात सालपापड्या घालणाऱ्या घरात ही कृती वेगळी समजावून सांगायला नको.

रोल दोन तऱ्हांचे. एक ताजा: वाळलेली पारी पाण्यात बुडवून मऊ करायची, आत शेवया, कोशिंबिरीची पाने, पुदिना, गाजर आणि कोळंबी ठेवून घट्ट गुंडाळायची. याला तेलाचा थेंब लागत नाही. सोबत बहुधा शेंगदाण्याची चटणी. दुसरा तळलेला, कुरकुरीत, दक्षिण व्हिएतनामात 'चा यो' आणि उत्तरेत 'नेम' या नावाने ओळखला जाणारा. मुलांचा हात आधी याच्याकडे जातो.

विचारून घ्यावे

आता शंकेचा दुसरा भाग. वरून कोबी-गाजर दिसले म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, असे व्हिएतनामी स्वयंपाकात समजू नये. तिथल्या मिठाची जागा पुष्कळदा 'नुओक माम' घेते. लहान मासे आणि मीठ पिंपात भरून सुमारे वर्षभर मुरवतात, त्यातून पाझरलेला हा तपकिरी, पातळ रस. तो रश्श्यात किंवा चटणीत मिसळला की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्यांना चालत नाही त्यांनी मागवण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: रस्सा हाडांचा की भाज्यांचा? माशांचा सॉस कशाकशात आहे? शाकाहारी रोल कोळंबीच्याच कढईत तळतात का? घरात कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल, तर चटणीत शेंगदाणे आहेत का? चांगल्या हॉटेलात या प्रश्नांचा राग येत नाही. वेटरला माहीत नसेल, तर तो आत जाऊन विचारून येतो.

आणि शाकाहारी फो ही भारतीयांसाठी केलेली तडजोड आहे, असेही नाही. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत. त्या शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही! त्या दिवशी रस्सा होतो मुळा, गाजर, मक्याचे कणीस आणि अळंबीचा. माशांच्या सॉसऐवजी सोयासॉस. म्हणजे जेवणासाठी तिथी पाहणारी आजी तिथल्या आजीला परकी वाटणार नाही.

वाडगा समोर आला की आधी नुसता रस्सा चमचाभर चाखावा. मग पाने हातानेच तोडून घालावीत, लिंबू पिळावे, मिरची आपापल्या बेताने घ्यावी. शेवया काड्यांनी जमल्या नाहीत तर काटा मागावा, त्यात कमीपणा नाही. मात्र गप्पांत वेळ घालवू नये. शेवया रस्सा पितात आणि फुगून मऊ होतात.

एक गोष्ट मात्र जेवून परतताना घरच्यांनी आपसांत बोलावी. मॉलमध्ये तांदळाच्या शेवयांच्या एका वाडग्यासाठी नोटा मोजताना कोणाला वाईट वाटत नाही. पण शाविगेचा साचा अनेक घरांत माळ्यावर गेला आहे, कारण दांडा फिरवायला दुसरे माणूस मोकळे नसते. राजाजीनगरच्या मुलांना फोची चव आवडली, हे चांगलेच झाले. पुढच्या रविवारी त्याच मुलांना दांड्याला लावावे. निम्म्या शाविगेवर फोडणी, निम्मीवर नारळाचे दूध, आणि त्यातली मूठभर बाजूला काढून तिच्यावर भाजलेला कांदा, आले, दालचिनी आणि चक्रीफूल घालून उकळलेला भाज्यांचा गरम रस्सा ओतून पाहावा. आजीनेही तो निःशंक मनाने प्यावा. त्यात काय घातले आहे, हे तिला ठाऊक असेल.