किती देते?

मोटारसायकल नवी असो वा जुनी, ती दारात उभी राहिली की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो एकच : 'किती देते?' आमच्या धाराशिव जिल्ह्यात म्हशीविषयीही हाच प्रश्न याच शब्दांत विचारला जातो. भेद इतकाच की, म्हशीच्या बाबतीत उत्तर ऐकणारा लागलीच वैरणीची व पेंडीची चौकशी करतो. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र लिटरमागे साठ की सत्तर एवढा आकडा कानी पडला की त्याचे समाधान होते. जणू तो आकडा कारखान्यात यंत्राबरोबरच ओतून आलेला असतो!

वस्तुतः कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाक फिरवून, वेगाचे ठरावीक वेळापत्रक पाळून काढलेला असतो. तेथे खड्डा नसतो, गुरे आडवी येत नाहीत, आणि मागे मेहुणाही बसलेला नसतो. रस्त्यावर त्या आकड्याचे काय व्हावयाचे हे स्वाराच्या मनगटावर अवलंबून. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ३०च्या मानाने चौपट ऊर्जा साठलेली असते, आणि ब्रेक दाबताच पेट्रोल जाळून जोडलेली ती सारी पुंजी उष्णता होऊन उडून जाते.

आमच्या गल्लीत दूध घालणारे एक गृहस्थ पुष्कळ वर्षे एकच ९७.२ सीसीची स्प्लेंडर वापरीत आहेत. दोन्ही अंगांस चाळीस-चाळीस लिटरांचे कॅन. म्हणजे नुसत्या दुधाचेच वजन ऐंशी किलोंहून अधिक. मागचा टायर आणि चेन त्यांस लवकर बदलावी लागते हे खरे, परंतु इंजिन उघडण्याची पाळी अद्याप आलेली नाही. कारण उघड आहे. दूध हिंदकळू नये म्हणून ते झटका देत नाहीत, करकचून थांबत नाहीत, आणि पुढचे वळण आधीच पाहून ठेवतात. उलट आमचे काही विद्यार्थी एका वहीपलीकडे ओझे वाहत नाहीत. पण हाफ क्लचवर रेस देत गर्दीतून वाट काढण्याच्या छंदापायी त्यांच्या क्लचप्लेट वर्षभरात जळतात.

आमच्या स्वतःच्या गाडीची गोष्ट निराळी. घरापासून महाविद्यालय जेमतेम दीड किलोमीटर, आणि वेग असा की एखादा सायकलस्वारही पुढे निघून जातो. तरी तिचा आकडा त्या गृहस्थांच्या गाडीहून उणाच! इंजिन पुरते तापण्याच्या आतच आमचा प्रवास संपतो. थंड इंजिन पेट्रोल अधिक खाते, आणि आत जमलेली वाफ ऑईलात उतरून त्याचा कस घालविते. तेव्हा हळू चालविणे आणि काटकसरीने चालविणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

राजदूत, येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोकच्या गाड्यांत पेट्रोलातच ऑईल मिसळावे लागे. त्यामुळे यंत्राची आठवण नित्य राही. १९८५ साली हीरो होंडाची चार-स्ट्रोकची सीडी १०० आली, तिच्यासोबत पेट्रोल भरा आणि विसरून जा अशा आशयाची जाहिरातही आली, आणि लोकांनी त्यातील विसरण्याचा भाग तेवढा मनापासून पाळला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर भुसकट आणि धुरळा उडतो. एअर फिल्टर तुंबला तर गाडीचा दम कोंडतो; फाटला तर तीच धूळ आत शिरून पिस्टन आणि सिलिंडर घासून काढते. फिल्टर पाहणे, चेनीला तेल देणे, टायरात बेताची हवा ठेवणे, वेळेवर ऑईल बदलणे, यांसाठी फार मोठा मिस्त्री लागत नाही.

परंतु काटकसरीचा एक प्रकार असा आहे की तो पाहून आमच्या अंगावर काटा येतो. तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूस उतरताना कित्येक तरुण इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. उतारावर गिअरमध्ये राहिलेले इंजिन स्वतःच वेग आवरून धरते. ते बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की त्यांची पकड सुटू लागते. इंजिनाबरोबर पुष्कळ गाड्यांचा दिवाही विझतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांनी हीच वाट रात्रंदिवस भरलेली असते. अंधारातून आवाजावाचून आणि उजेडावाचून येणारी गाडी त्यांस कळावी कशी? आणि हे साहस कशासाठी, तर चार चमचे पेट्रोलासाठी! नव्या, इंजेक्शनच्या गाड्यांत तर उतारावर रेस सोडली की गिअरमध्ये असतानाच पेट्रोल जवळजवळ थांबते. म्हणजे तेवढाही लाभ नाही.

त्या दूध घालणाऱ्या गृहस्थांस आम्ही एकदा तो नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "कधी मोजलं नाही बघा, सर. दूध सांडत नाही, एवढंच बघतो."