कॉमिक्स, कॅसेट आणि यष्टीची वाट

वर्ध्याजवळच्या देवळीत आमच्या लहानपणी सगळंच हातोहात फिरायचं. वेताळाचं कॉमिक्स फिरायचं, कॅसेट फिरायची, थर्मामीटरसुद्धा फिरायचं. ज्याच्या घरी पोर तापलं त्याच्याकडे ते कापसात गुंडाळून जायचं, आणि परत आणायला गेलेला पोरगा तिथून मॅन्ड्रेकचा अंक मागून आणायचा. ‘कोणाचं आहे?’ असं कोणी विचारत नसे. ‘कोणाकडे आहे?’ एवढंच विचारायचं.

‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ घरात राजरोस यायचे. कॉमिक्स मात्र भूगोलाच्या पुस्तकात लपून यायचं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालेलं. आमच्या हाती पडायचे ते आधी चार मोहल्ले फिरून आलेले अंक. डेंकालीच्या जंगलातला वेताळ, मॅन्ड्रेकचा लोथार, आबिद सुरतींचा बहादूर, सगळे घरचेच वाटत. चाचा चौधरी आणि साबू हिंदीत भेटले, १९८६ नंतर नागराज आणि ध्रुवही हिंदीतच. आम्ही वऱ्हाडीत भांडायचो, मराठीत परीक्षा द्यायचो आणि कॉमिक्स हिंदीत वाचायचो. भाडं दिवसाला चार आणे. पान फाटलं तर कणकेच्या खळीने चिकटवायचं, पिना सुटल्या तर गोधडीच्या दोऱ्याने शिवायचं, वरून वर्तमानपत्राचं कव्हर. शेवटचं पान हरवलेलं असलं, की शेवट ज्याला ठाऊक असेल त्याने तो सगळ्यांना सांगायचा, हा नियम होता. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. शिवलेले अंक त्यानंतरही फिरतच राहिले.

गाण्यांचंही तसंच. रेडिओवर सिनेमाची गाणी होतीच, पण आमचे कान तयार झाले ते वेगळ्याच गाण्यांवर. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं. १४ एप्रिलला वामनदादा कर्डकांची भीमगीतं. रात्रभर रंगणारे कव्वालीचे मुकाबले. खेड्यांतली दंडार. यातलं बरंचसं रेडिओवर क्वचितच लागायचं, म्हणून ते कॅसेटवर भरून घ्यायचं. वर्ध्याच्या दुकानात कागदावर यादी लिहून द्यायची, नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची, आठ दिवसांनी आणायला जायचं. मग नागपूरला शिकायला गेलेल्या दादा लोकांनी गिटारी आणि ड्रमचा धडाका असलेल्या इंग्रजी कॅसेटी आणल्या. आजी म्हणायची, “कायले कोकलून राह्यले बाप्पा हे? कोणी मारलं का यायले?” पण खंजिरी आणि ती गिटार एकाच टेपवर, कधीकधी एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना वाजायची, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. तुटली की सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचा. आवाज घोगरा झाला की हेड पुसायचं, आणि त्यासाठी थेट दवाखाना गाठायचा.

“काकाजी, जराशी इस्पिरिट द्या ना.”

“कायले रे?”

“टेपचं हेड पुसाचं आहे.”

कंपाउंडर काकाजी कापसाचा बोळा भिजवून द्यायचे आणि बजावायचे, “संध्याकाळी ऐकाले येतो बरं.” आमची औषधाची बाटलीही घरूनच न्यायची असे. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून काकाजी कात्रीने खाचा पाडत. एक खाच म्हणजे एक डोस.

कॉमिक्स सर्वांत जास्त झिजलं ते मात्र यष्टी स्टँडवर आणि दवाखान्याच्या रांगेत. वर्धा इथून १८-२० किलोमीटर, तरी जायचं म्हणजे सकाळ गेली. गाडी कधी भरून यायची, कधी न थांबता जायची, कधी यायचीच नाही. मग काळी-पिवळीत कोंबून घ्यायचं. तिथल्या दवाखान्यात पोचावं तर केस पेपरची खिडकी बंद झालेली. खिडकी उघडी असली तर डॉक्टर मिटिंगला. डॉक्टर भेटले तर औषध बाहेरून. परतीची गाडी गेलेली. एवढ्या वेळात एक अंक चारदा वाचून व्हायचा. शेजारच्या पोराला सलाईन लागलेलं असे आणि आम्ही त्याला वेताळ वाचून दाखवायचो.

ते सगळं हसत सांगता येतं, कारण आम्ही बरे होऊन घरी आलो. सगळेच आले नाहीत. रात्री गाडी मिळाली नाही म्हणून उशीर झालेली माणसं आमच्या मोहल्ल्यात होती, आणि त्यांच्या घरचे लोक अजूनही ती रात्र विसरलेले नाहीत.

वाट पाहणं हेच नशीब, असंही कोणी समजू नये. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय होतं, १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आसपासच्या गावांतले लोक पीक निघालं की ज्वारी देऊन उपचाराचा विमा काढायचे. मनावर घेतलं की जमतं, याचा दाखला इतक्या जवळ होता. २०१४ साली १०८ नंबरची रुग्णवाहिका आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली आणि देवळीला आगगाडी दिसली. आनंद झालाच, आमच्या वडिलांच्या पिढीला हे पाहायला मिळालं नाही, याचं वाईटही वाटलं.

म्हणून आमच्या पिढीतल्या सगळ्यांना एक सांगणं आहे. जुन्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की शिवलेलं कॉमिक्स आठवा, सेलोटेपची कॅसेट आठवा, काकाजींचा कापसाचा बोळा आठवा, पोरांना हौसेने सांगा. पण चुकलेल्या गाडीला आणि बंद खिडकीला ‘काय मजेचे दिवस होते’ म्हणू नका. आजही खेड्यातली पोरगी शाळा सुटल्यावर गाडीची वाट पाहत उभी असेल, तर तिच्यासाठी डेपोत अर्ज घेऊन जायचं काम आपलं आहे. कॉमिक्स उसनं चालतं, कॅसेट उसनी चालते. गाडी आणि डॉक्टर मात्र वेळेवरच लागतात.