वायर काढलेली

काल संगणकाचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर राखाडी धुळीचा मऊ थर बसला होता. दाढीच्या जुन्या ब्रशने तो झाडताना दोन शिंका आल्या आणि उगाचच अपराधी वाटलं.

आत विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हवं, प्रोसेसरही ठरावीक यादीतला हवा. माझं २०१४चं यंत्र त्यात बसत नाही. भाचा म्हणतो, ‘मामा, लिनक्स टाक ना, फुकट आहे, सुसाट चालेल.’ चालेलही.

माझा पाय अडकतो तो भलतीकडेच. वडिलांनी शेवटच्या दोन वर्षांत टाइप केलेल्या आठवणी यात आहेत, युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फाँटमध्ये. तो फाँट नसला की ‘आई’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल शाबूत, लिपी गेलेली. मोडी न येणाऱ्या नातवाच्या हाती घराण्याचं दप्तर पडावं तसं.

फाइली आणि फाँट, दोन्ही पेनड्राइव्हवर घेतली आहेत. तरी भरवसा वाटत नाही. म्हणून पीडीएफ करायला बसलो, तर पहिल्याच पानावर वाचत राहिलो. ‘विहीर’ त्यांनी सगळीकडे ऱ्हस्व लिहिली आहे. दुरुस्त करायला हात गेला, मग मागे घेतला.

नवं यंत्र घ्यायचं की लिनक्स, ते अजून ठरलेलं नाही. तूर्त नेटची वायर काढून ठेवली आहे. बारा पानं झाली, चाळीस उरलीत.