उतारवयातला उतार

माणसाने चाळिशीनंतर नवीन काही शिकू नये, असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही. ते फक्त शेजारी सांगतात. मी गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार, ही बातमी बँकेत पसरली तेव्हा आमच्या कॅशियरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि "घसरायला शिकावं लागतं?" एवढेच विचारले. प्रश्न रास्त होता. आपल्याकडे घसरणे ही पावसाळ्यात शेवाळावर फुकट होणारी गोष्ट. त्यासाठी पट्ट्या, बूट आणि मास्तर भाड्याने घ्यायचे, हे मध्यमवर्गीय बुद्धीला झेपत नाही. बायको तेवढी व्यवहारी. ती म्हणाली, "अहो, जा खुशाल. फक्त नेलीत तेवढी हाडं मोजून परत आणा!"

गुलमर्ग म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरची एक बशी. उन्हाळ्यात हिरवी, हिवाळ्यात पांढरी. २१ डिसेंबरपासून तिथे 'चिल्लई कलान' नावाची चाळीस दिवसांची कडक थंडी बसते. सोयरसुतक पाळावे तशी काश्मिरी माणसे ती शांतपणे पाळतात. अंगात फेरन, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी आणि हातात चहा. हा चहा गुलाबी असतो म्हणून मी कौतुकाने मोठा घोट घेतला. तो खारट निघाला! तिथे तो तसाच असतो.

गावातून वर जायला गोंडोला आहे. १९९८ साली तो कोंगदुरीपर्यंत गेला आणि २००५ साली अफरवट शिखराच्या अंगाखांद्यावर पोचला. जाणकार मंडळी वर जाऊन तिथून खाली झेपावतात. आमच्यासारख्या बिगारीतल्या मुलांसाठी पायथ्याशीच एक लहानसा उतार असतो. खालून पाहिला तर तो लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजएवढा वाटतो. वरून पाहिला तर सिंहगडचा कडा.

स्कीचे बूट ही चीज चालण्यासाठी केलेलीच नाही. घोटा जराही हलत नाही. त्यामुळे माणूस पायाला प्लॅस्टर घातलेल्या हत्तीसारखा चालतो. आधी बुटाचे टोक पट्टीवरच्या खाचेत घालायचे, मग टाच दाबायची. 'खट्' आवाज झाला की तुम्ही अडकलात. जोरात पडलात तर तीच खाच बूट सोडून देते, म्हणजे पाय मुरगळत नाही. आयुष्यात इतक्या समजूतदार बंधनाशी माझी गाठ प्रथमच पडली.

मास्तर तिथलाच, पंचविशीतला. "सर, पहले गिरना सीखो," तो म्हणाला. पहिला तास पडण्याचा! पडायचे ते बाजूला, चढाच्या अंगाला, कमरेवर. हात टेकायचे नाहीत, मनगट जाते. उठताना पट्ट्या उताराला आडव्या घ्यायच्या, नाहीतर आपण उठण्याआधीच त्या निघतात. दुसरा तास थांबण्याचा. दोन्ही पट्ट्यांची टोके जवळ आणि शेपट्या लांब केल्या की नांगरासारखा आकार होतो, आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. तिसरा तास वळण्याचा. डावीकडे वळायचे तर भार उजव्या पायावर. बरोबरच्या इंजिनियरांना हे पटायला अर्धा दिवस लागला. मी वाणिज्य शाखेचा. घ्यायचे एका बाजूला आणि लिहायचे दुसऱ्या बाजूला, ही दुहेरी नोंद माझ्या हाडीमाशी खिळलेली. मी वळलो की!

अडचण आली ती चौथ्या दिवशी, उताराच्या माथ्यावर एकटा उभा राहिलो तेव्हा. पाय हलेनात. आमचे वडील अडुसष्टाव्या वर्षी मोरीत घसरले होते. मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळले. भीती मात्र शेवटपर्यंत जुळली नाही. रोज भाजी आणणारा, पेन्शनीला चालत जाणारा माणूस पुढची सहा वर्षे जिन्याच्या वरच्या पायरीशी उभा राहून नुसता खाली बघत असे. एक हात कठड्यावर आणि अंग मागे रेललेले. त्या बर्फात माझ्या लक्षात आले, की मी अगदी तसाच उभा आहे. फरक एवढाच, की कठड्याच्या जागी काठ्या होत्या.

"पीछे मत झुको, सर," मास्तर खालून ओरडला. "पीछे झुकोगे तो स्की आपको ले जाएगी. आगे झुको, तो आप स्की को ले जाओगे."

यात तत्त्वज्ञान काही नाही, निव्वळ वजनाचा हिशेब आहे. माणूस मागे रेलला की पट्ट्यांची टोके हलकी होतात आणि वळायचे नाव घेत नाहीत. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबली, की त्या हुकमात येतात. म्हणजे ज्या दरीची भीती वाटते, तिच्याकडेच झुकायचे! मी डोळे न मिटता झुकलो. कानात वारा, पायाखाली खरखर. दोन वळणे, तिसरे वळण, नांगर, आणि थांबलो. उभाच्या उभा! अंतर असेल साठेक पावलांचे. पण वडिलांच्या जिन्याच्या पायऱ्या फक्त अठरा होत्या.

या खेळात आपला देश तसा नवखाच. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून प्रथम उतरले. २०२२ साली बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, याच भागातला आरिफ खान. भर हिमवर्षावात कितीतरी खेळाडू शर्यत पुरी करू शकले नाहीत; जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. माझे वयही पंचेचाळीस. या आकड्याला कोणी हसू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

त्या संध्याकाळी आमच्या तुकडीतला आठ वर्षांचा एक दिल्लीकर शेकोटीशी येऊन बसला.

"अंकल, आज कितनी बार गिरे?"

"नौ बार," मी जरा ऐटीतच सांगितले.

"बस? मैं बारह बार!" आणि तो विजयी मुद्रेने बिस्किटे खाऊ लागला.

रोजची शिल्लक जुळल्याखेरीज घरी न जाण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. तीनची तूट मला सहन होईना. उद्या सकाळी लवकर जाऊन तेवढी भरून काढायची, असे ठरवून मी शांत झोपलो.